धुळ्याच्या बँडगाडीवरचा जॅझ गिटारवाला

परवा एका वाचकाने विचारलं, खानदेशात काय पाहण्यासारखं आहे? या ब्लॉगवर मी एरवी ताजी भटकंती लिहितो, पण या प्रश्नावर मला आठवली ती नव्वदच्या दशकातली एक थंडी आणि धुळ्यातली एक वरात.

मी तेव्हा मुंबईत बेस गिटार वाजवायचो. आमचा मोडलेला जॅझ बँड एका कार्यक्रमापुरता पुन्हा जमणार होता, आणि विलास नसेल तर तो जमवण्यात काही अर्थ नव्हता. विलास आमचा गिटारवादक, मूळचा जळगावचा. दिवसा सिनेमाची रेकॉर्डिंग, संध्याकाळी हॉटेलात जॅझ, एप्रिल आला की गावोगाव भीमगीतं. तिन्हीकडे तो जन्मापासून तेच वाजवत आल्यासारखा वाटायचा. मग कीबोर्ड आले, एकच माणूस पाच-सहा वाद्यांचं काम उरकू लागला, आणि विलास गावी परतला. निरोपांना उत्तर येईना. म्हटलं, जाऊन उचलूनच आणतो. बेस पाठीला लावला आणि गाडी पकडली.

जळगावला उतरलो तेव्हा थंडीने कान दुखत होते. रिक्षाने मेहरूणला गेलो, विलासच्या थोरल्या भावाकडे. त्यांना सगळे नाना म्हणतात. मेहरूणची बोरं जरूर घ्या. तलावाला अर्धा तास पुरे. नानांकडे कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. त्या जेवणासाठी मी आजही जळगावला जाईन.

"तो आते धुयाले र्‍हास," नाना म्हणाले. "बँडमां वाजाडस."

"मुंबईला येईल ना?"

नानांनी माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं. "तू जाईसनी देख. मी काय सांगू?"

मला वाटलं, भावाभावांत काही बिनसलं असेल.

धुळ्याला एसटी भरपूर, तिकीट वीसेक रुपये. रस्ता मात्र तेव्हा असा होता की एरंडोल, पारोळा करत पोचेपर्यंत माणूस खिळखिळा व्हायचा. पारोळ्याच्या स्टँडवरचा चहा घेऊ नका. मी घेतला, पुढचा प्रवास पोट धरून केला.

विलास घरी नव्हता. शेजारणीने वरातीच्या आवाजाकडे बोट दाखवलं. चौकात बँडची गाडी उभी होती, वर दोन भलेमोठे कर्णे, आणि त्यांच्या बरोबर खाली एका लाल खुर्चीवर विलास. जरीचा कोट, मांडीवर गिटार. मी ओळखीचा आहे म्हटल्यावर बँडमालक खूश झाला. माझ्या कानाशी येऊन ओरडला, "भाऊ मुंबईना कलाकार! त्यासले मानानी खुर्ची देयेल शे, पयला दिनपाईन!"

गाणं नेहमीचंच, नाचाचं. पण मधल्या तुकड्यात विलासने आमचे जुने, तिरके, सुंदर कॉर्ड पेरले. नाचणाऱ्यांना पत्ताही नव्हता. माझ्या अंगावर काटा आला.

वरात थांबल्यावर त्याने मला मिठी मारली. मी कार्यक्रमाचं सांगितलं.

"हो, एसटी बरी असते," तो म्हणाला. "खड्डे फार."

मी पुन्हा सांगितलं. तो हसून मान डोलवत राहिला.

घरी विलासच्या बायकोने, वत्सलावहिनींनी, शेवभाजी टाकली आणि त्याच्या उजव्या कानात ओरडून माझा निरोप पोचवला. मग मला म्हणाल्या, "डावा गेला. उजव्यात ओरडावं लागतं. कर्ण्यांखाली बसून झालं सगळं. खुर्ची हलवा म्हटलं, तर म्हणतात मालकाला वाईट वाटेल." विलासचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. निरोपाने त्याचा चेहरा उजळला होता. त्याने गिटारचं लाकूड जबड्याला टेकवलं आणि हाडातून ऐकत तारा जुळवल्या. एकटा वाजवत होता तोवर एकूण एक सूर जागेवर होता. पूर्वीपेक्षा चांगलं वाजवत होता, खरंच.

मग मी त्याच्या छोट्या ॲम्प्लिफायरला बेस जोडला. जॅझमध्ये अर्धं काम वाजवण्याचं, अर्धं शेजारच्याचं ऐकण्याचं. मी वाट बदलली, तो जुन्याच वाटेवर. मी थांबलो, तो चालूच. मग माझ्या बोटांकडे बघून जुळवून घेऊ लागला, आणि प्रत्येक वेळी उशिरा पोचू लागला. वहिनींचा हात पातेल्यावर थांबला होता.

"जमलं ना?" त्याने विचारलं आणि उठलाच. "वत्सला, तो काळा कोट काढ. हॉटेलातला."

"विलास, नको," मी म्हणालो. तो कोट झटकत होता. मी पुन्हा म्हणालो. वहिनींकडे बघितलं, त्या शेवभाजी ढवळू लागल्या. शेवटी मीच त्याच्या उजव्या कानाशी गेलो आणि जीव खाऊन ओरडलो, "नाही जमणार! तुला ऐकू येत नाही!"

गल्लीत नळावर पाणी भरणाऱ्या बाया वळून बघू लागल्या. दारातून कोणीतरी डोकावलं.

विलासने कोटाची घडी घातली. "हळू बोल ना," तो म्हणाला. "शेजारी ऐकतात."

दुसऱ्या दिवशी तो मला स्टँडवर सोडायला आला. बेस त्यानेच उचलला होता. गाडी सुटेपर्यंत आम्ही काही बोललो नाही, कारण बोलायचं तर पुन्हा ओरडावं लागलं असतं.

कार्यक्रम झाला. दुसरा गिटारवादक मिळाला, टाळ्याही पडल्या. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही, आणि त्याचा काही उपयोगही होत नाही. मुंबईच्या घरात हे लिहिताना बेस कोपऱ्यात आहे आणि घरचे म्हणतात, धुळ्याहून आल्यापासून तू फारच हळू बोलतोस.

तेव्हा वाचकहो, खानदेशात हिवाळ्यात जा. भरीत खा, शेवभाजी खा, धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला बघा. वरात आडवी आली तर खुशाल नाचा. फक्त कर्ण्यांखाली मानाच्या खुर्चीवर कोणी बसलेला दिसला, तर आधी त्याला तिथून उठवा.