आप्पांनी उपाशी ठेवलेली बॅटरी

माझे वडील, म्हणजे आप्पा, ओझरला कंपनीत विमानांच्या बॅटऱ्या सांभाळायचे. तपासायच्या, रिकाम्या करायच्या, पुन्हा भरायच्या. निवृत्त होईपर्यंत हेच काम. लहानपणी आमच्या घरात साधा टॉर्च मंद झाला तरी आईची सेल बदलायची हिंमत नव्हती. "राहू दे, मी बघतो," हे आप्पांचं ठरलेलं वाक्य. आई गेली आणि ते घर बंद करून आमच्याकडे पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हापासून ते वाक्य काही ऐकू येईना. खुर्चीत बसायचे, गॅलरीतून रस्ता बघायचे, हाक मारली की जेवायला यायचे. कसं वाटतंय विचारलं की म्हणायचे, "चाललंय." काय चाललंय, डोंबल! चांगला धडधाकट माणूस डोळ्यांदेखत मिटत चालला होता आणि मला काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात माझ्या लेकीला वाढदिवसाला रिमोटची गाडी मिळाली. लेक तिसरीत. मोठ्या चाकांची, खड्ड्याबिड्ड्यांतून उड्या मारत जाणारी ती गाडी तिनं सोसायटीच्या पार्किंगमध्ये इतकी पिदडली की काही महिन्यांतच गाडी दमायला लागली. अख्ख्या पार्किंगला फेऱ्या मारणारी गाडी आता लिफ्टपर्यंत जाऊन थांबायची. लेक रडकुंडीला आली. नवरा म्हणाला, "नवी बॅटरी मागवू." आणि खुर्चीतून आवाज आला, "राहू दे. मी बघतो."

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा देवापुढे साखर ठेवावीशी वाटली.

दुसऱ्याच दिवशी आप्पांची ट्रंक उघडली. गॅलरीतल्या शिलाई मशीनच्या टेबलावर मीटर आला, वायरी आल्या, पुढं गोल बटण असलेला एक जुना धूड चार्जर आला. आणि लेकीची शाळाच सुरू झाली. गाडी खेळून आली की बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, आधी गार होऊ द्यायची. गाडीत ठेवून भरायची नाही, बाहेर काढून फरशीवर ठेवायची. भरत असताना उठून जायचं नाही. हातात धातूचं काही घालून जवळ यायचं नाही. लेक बांगड्या काढून ठेवून पोथीला बसावं तशी आजोबांसमोर बसायची. गाडी घरात फिरवताना चाकांच्या दांडीत माझे केस गुंडाळले गेले होते, तेही त्यांनी चिमट्यानं उपसून काढले आणि मला दाखवले. "गाडी जड चालली की सगळा ताण बॅटरीवर येतो. केस विंचरायला दुसरी जागा नाही का तुला?" आप्पा मला बोलले! मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. जेवताना ते कंपनीतल्या गोष्टी सांगायला लागले, आमटी दुसऱ्यांदा मागायला लागले.

गाडी थोडी सुधारली, पण पहिल्यासारखी पळेना. मग आप्पांनी निदान केलं. बॅटरीला अर्धवट जेवायची सवय लागलीय, म्हणून ती आळशी झालीय. एकदा पार उपाशी ठेवली पाहिजे. कंपनीत ते असंच करायचे. बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करायची, मग दोन्ही टोकं जोडून दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवायची, मग हळूहळू भरायची. की पुन्हा नव्यासारखी.

गाडीच्या खोक्यात एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं की बॅटरी कधीही पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. आप्पांनी तो चष्मा लावून मोठ्यानं वाचला. "हे गिऱ्हाइकासाठी लिहितात," म्हणाले, आणि कागद घडी घालून खोक्यात ठेवला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांनी भरलेल्या बॅटऱ्यांवर विमानं सुरू झाली, त्यांना खेळण्याचा कागद काय शिकवणार!

त्यांनी स्कूटरचा बल्ब जोडून बॅटरी रिकामी केली. बल्ब विझला, तशी दोन्ही टोकं जोडून ठेवली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी चार्जिंगला लावली तर गाडीबरोबर आलेला चार्जर तिला घेईचना. लाल दिवा लुकलुकायचा आणि बंद व्हायचा. आप्पा म्हणाले, "बेशुद्ध आहे. आणू शुद्धीवर." आणि त्यांनी तो चार्जर बाजूला सारून ट्रंकेतला जुना जोडला. नियमाप्रमाणे तिथंच बसून राहिले. शेजारी लेक.

मी पोळ्या लाटत होते. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी फुरफुर होते तसा आवाज गॅलरीतून आला आणि पाठोपाठ लेकीची किंकाळी. मी लाटणं टाकून धावले. फरशीवर आग, पडदा पेटलेला आणि घशात शिरणारा गोडसर घाणेरडा धूर. आप्पांनी एका हातानं लेकीला मागं लोटलं आणि दुसऱ्या हातानं ती पेटलेली बॅटरी उचलून धुण्याच्या बादलीत टाकली. नुसत्या हातानं. पडदा मी ओढून काढला. लेकीच्या पोटरीवर ठिणगी उडून फोड आला होता. आप्पांच्या तळहाताकडे मला बघवलं नाही.

दवाखान्यात दोघांची ड्रेसिंग चालली होती आणि मी बाहेर बाकावर बसून मोबाइलवर शोधत होते. उत्तर मिळायला वेळ लागला नाही. विमानातल्या त्या जुन्या बॅटऱ्या वेगळ्या जातीच्या. त्यांना मधूनमधून पार रिकामं करावंच लागतं. ही खेळण्यातली लिथियमची. ती पार रिकामी झाली की आतून खराब होते आणि तशीच जबरदस्तीनं भरायला गेलं की पेट घेते. छोटा चार्जर म्हणूनच तिला घेत नव्हता.

घरी आल्यावर आप्पा पांढरा बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले. "काय चुकलं असेल गं?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच एकेक पायरी मोजायला लागले. पूर्ण रिकामी केली. टोकं जोडली. करंट अगदी कमी ठेवला. उठून गेलो नाही. "काहीच चुकलं नाही," म्हणाले. "मग पेटली कशी?"

माझ्या डोळ्यांसमोरून लेकीची पोटरी हलत नव्हती. मी सगळं सांगून टाकलं. "तुमचं सगळं बरोबर होतं, आप्पा. बॅटरी दुसरी होती. कागदावर लिहिलं होतं, तुम्ही वाचलंही होतं." आणि तोंडाचा पट्टा सुटलाच आहे म्हटल्यावर पुढंही बोलले, "आजपासून घरातल्या कुठल्या बटणाला हात लावायचा नाही. काही हवं असलं तर मला विचारायचं." यातलं एक अक्षर मी मागं घेत नाही. पोरगी थोडक्यात वाचली होती. कुठल्याही आईनं हेच केलं असतं.

आप्पा म्हणाले, "बरं."

वाद नाही, आवाज नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण आमच्याकडे पीळच आधी गेला. ते गिझर लावेनात, गार पाण्यानं आंघोळ करू लागले. टीव्ही कुणी लावला तर बघायचे. लेक शाळेतून आली की म्हणायचे, "दिवा लाव गं, मला दिसत नाहीये." मला आधी वाटलं रुसलेत. चार दिवस फुगून बसतील आणि येतील ताळ्यावर. ट्रंक बंद झाली ती झालीच. नवरा नवी बॅटरी घेऊन आला तेव्हा आप्पांनी खुर्ची उचलली आणि आत जाऊन बसले. लेकीनं बांगड्या काढल्या, आतल्या दारापर्यंत गेली आणि परत आली.

एप्रिलमध्ये एके दुपारी मी ऑफिसातून लवकर आले. लेक मैत्रिणीकडे गेली होती. घरात पाऊल टाकलं तर भट्टी. आप्पा खुर्चीत बसलेले, बनियन अंगाला चिकटलेला, चेहरा लालबुंद, बरा झालेला हात गुडघ्यावर.

"लाइट गेलीय का?" मी विचारलं.

"नसावी."

मी बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. माझा पारा चढला. "अहो आप्पा, मग लावायचा ना पंखा! काही झालं असतं म्हणजे?"

"तू घरी नव्हतीस ना."

बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, आणि किती बरं झालं असतं.

"पंखा लावायला कुणी विचारतं का आप्पा?"

त्यांनी वर पंख्याकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे.

"बॅटरीचंही मला तसंच वाटलं होतं," ते म्हणाले.