उम्म हिशाम जिना उतरते

अलेक्झांड्रियाच्या लब्बान भागातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर हिशामची आई राहायची. गल्ली तिला उम्म हिशामच म्हणायची. मुलगा कुवेतला, नवरा कधीचाच गेलेला. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिने जिना पाहिला नव्हता. तिचा सगळा संसार बाल्कनीतून दोरीने खाली सोडलेल्या टोपलीवर चालायचा.

"बदावी, भेंडी कोवळी टाक! मागची चावता चावता दात हलले माझे!"

"तुझ्या तोंडाला कुठले दात पुरणार!" भाजीवाला बदावी खालून ओरडायचा आणि दोन टोमॅटो वरचे टाकायचा.

घरमालक शौकतचा त्या घरावर डोळा होता. बापाने जुन्या, कधीच न वाढणाऱ्या भाड्याने दिलेली जागा पोराच्या घशात अडकली होती. त्याची माणसं येऊन दार बडवायची. मग उम्म हिशाम रेडिओ बंद करून श्वास रोखून बसायची. एकट्या बाईने परक्या पुरुषांना दार उघडायचं नाही, ही आईची शिकवण. माणसं कंटाळून गेली की ही खुशीत चहा टाकायची. कसं पाणी पाजलं मेल्यांना!

एक दिवस दाराखालून कोर्टाची नोटीस आत सरकली. भाडेकरू मुलाकडे निघून गेली आहे, घर कायम बंद असतं, तरी ताबा मिळावा. याच घरात ती नवरी होऊन आली होती, आणि हा कालचा पोरगा तिला जिवंतपणी घराबाहेर काढत होता. तिने नोटीस टोपलीतून खाली सोडली. बदावीने ती भाडेकरू संघाच्या वगीहाबाईंकडे पोचवली.

वगीहाबाई निवृत्त शिक्षिका. धापा टाकत वर आल्या आणि टेकायच्या आधीच बरसल्या.

"दार का नाही उघडलंस?"

"परके पुरुष होते!"

"अगं बाई, ते दर वेळी साक्षीदार घेऊन यायचे. तू गप्प बसलीस, तोच त्यांचा पुरावा झाला."

"म्हणजे मीच माझं घर त्याच्या हातात दिलं?"

"अजून नाही. कशावरही सही करू नकोस. किल्ली कुणाला देऊ नकोस. वीज-पाण्याच्या पावत्या काढून ठेव. वकील आपला संघ देईल. रोज टोपली खाली येते, हे बदावी कोर्टात सांगेल. पण तू स्वतः न्यायाधीशांपुढे उभी राहिलीस, तर त्यांना तोंडच उघडता येणार नाही."

"आणि खाली कशी येऊ? टोपलीत बसून?"

"दोरीची दया येते मला," वगीहाबाई म्हणाल्या. दोघी खूप दिवसांनी पोटभर हसल्या.

तारखेच्या दिवशी संघाची दोन माणसं तिला उचलून न्यायला खुर्ची घेऊन आली. उम्म हिशामने खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चार खांद्यांवर गेले तर शौकत म्हणेल, ही म्हातारी एकटी राहतेच कशी? व्हा पुढे."

ती पायरीवर बसली. कठडा धरून एक पायरी सरकली, मग दुसरी. गुडघ्यांतून कळा निघत होत्या, पण तोंडातून निघत होत्या त्या फक्त शौकतच्या नावाच्या शिव्या. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. कुणी पाणी पुढे केलं, कुणी नुसतंच मागे चालू लागलं. यातल्या अर्ध्या घरांवरही शौकतचा डोळा होताच.

खाली दारात तो स्वतःच उभा होता, कोर्टात जाण्याआधी वकिलाला 'बंद घर' दाखवायला आलेला. तिला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"काकू... तुम्ही इथे?"

"मग कुठे असायला हवं होतं मी?"

मागे गोळा झालेली माणसं पाहून तो एकदम गोड झाला. हात पुढे करून म्हणाला, "हात द्या काकू, पडाल."

तिने कठड्याला धरून अंग उचललं आणि ती शेवटच्या पायरीवर ताठ उभी राहिली.

"मला उठायला तुझा हात लागत नाही. वाट सोड, कोर्टाला उशीर होतोय."