कॅनडाच्या जहाजाची गळती

त्या संध्याकाळी आम्ही नवराबायको खोलीच्या दारात बसून वाती वळत होतो. देवाच्या नव्हेत, जहाजाच्या. लाकडी जहाजाच्या दोन फळ्यांमध्ये फट असते. तीत तेलात भिजवलेली कापसाची जाड वात पटाशीने ठोकून बसवायची, वर राळ ओतायची, म्हणजे पाणी आत येत नाही. माझा धंदा हाच, हाताखाली चार माणसं. माझगावच्या बंदरावर जन्म गेला. वाती बायको वळायची. ती डावखुरी, म्हणून तिच्या वातीचा पीळ उलटा पडे.

"अवो, एवढ्या कुणासाठी?"

"कॅनडाचं जहाज आलंय."

"ते कुठं आलं?"

"पाण्यापलीकडं."

"पाण्यापलीकडं उरणपण हाय," म्हणाली, आणि हसत चूल पेटवायला उठली.

सकाळी तिला ताप भरला. तो उतरलाच नाही. डॉक्टर म्हणाला, करायचं ते सगळं केलं. मग सोनापूरचं स्मशान. बायकोचं नाव आमच्यात घेत नाहीत. आता कोणाला लाजायचं? येसू तिचं नाव.

तेरावं झालं तसा पास्कू दारात उभा. हा गोव्याचा. जहाजांना सामान पुरवणाऱ्या दुकानात कामाला, साहेबांचं बोलणं आम्हाला मराठीत सांगायचा.

"मिस्त्री, दुःखात हाय ते कळतं मला. पण ते जहाज गळतंय. तुझ्या माणसांनी सगळ्या फटी भरल्या तरी गळतंय. सर्व्हेअर येणार. त्याने पास केलं नाही तर जहाज भंगारात जाईल. कॅप्टन वेडा व्हायचा बाकी हाय."

सर्व्हेअर म्हणजे जहाज दर्यात जायच्या लायकीचं आहे की नाही हे ठरवणारा साहेब. त्याचा कागद नाही, तर माल नाही.

गेलो. जहाज मोठं, तीन डोलकाठ्यांचं. कॅप्टन माझ्याच वयाचा, पांढरी दाढी. माझी माणसं मान खाली घालून उभी. मला काही कळेना. काम पाहिलं तर चोख. वात घट्ट, राळ नीट. इथं ठोकावं तर पलीकडून पाणी येई. जेवढं घट्ट करावं तेवढं जास्त गळे.

"लाकूड कुठलं?" मी विचारलं.

पास्कूने विचारून सांगितलं, "त्यांच्या गावच्या रानातलं. थंडीतलं झाड. मऊ."

मी फळीत नख रुतवलं. रुतलं. मग ध्यानात आलं. आमची माणसं जन्मभर सागवानावर काम केलेली. सागवान फुगत नाही, त्यात वात जीव खाऊन ठोकतात. हे जहाज मालाची वाट बघत उन्हात रिकामं उभं होतं. रिकामं जहाज पाण्यावर उंच राहतं. बाजू वाळली, फटी रुंदावल्या, आमच्या लोकांनी त्या ठासून भरल्या. मग तोल राहावा म्हणून तळात दगड भरले तसं जहाज खोल बसलं, फळ्या पाण्यात गेल्या आणि फुगल्या. फुगायला जागा कुठे? एकीने दुसरीला ढकललं, खिळे ढिले झाले.

मी म्हटलं, "दगड काढा. सगळ्या वाती उपसा. ओली गोणपाटं बांधा, फळ्या हळूहळू फुगू द्या. मग वात हलक्या हाताने."

कॅप्टन म्हणाला, "आमच्याकडे धुकं असतं, लाकूड वाळत नाही. गोणपाट कधी लागलं नाही."

हुकाने वाती ओढून काढायला बसलो. ढिगात उलट्या पिळाच्या वाती निघू लागल्या. एक हातात धरून बसलो होतो. पास्कू म्हणाला, "काय झालं, मिस्त्री?"  टाकली ढिगात. फुकट गेलेली वात परत वापरता येत नाही.

दुपारी सावलीत बसलं की कॅप्टन बोलायचा. मला निम्मं समजे, निम्मं पास्कूला समजत नसे.

"हे जहाज तुझं?" मी विचारलं.

"गावाचं. तुमच्या रुपयाचे जसे चौसष्ट पैसे, तसे जहाजाचे चौसष्ट हिस्से. लोहाराचा एक, वैद्याचे दोन, एका विधवेचा एक. असे."

"राज्य कोणाचं तुमच्यावर?"

"राणीचं."

"म्हणजे आमच्यासारखंच."

"नाही. आम्ही मतं देतो. आमचं सरकार आम्ही निवडतो."

"मग राणी काय करते?"

पास्कूने हे साहेबाला विचारलंच नाही. म्हणाला, "नाण्यावर बसते."

कॅप्टन सांगायचा, त्यांच्या सरकारने ह्या दर्यापासून त्या दर्यापर्यंत आगगाडी नेली, बाहेरच्या मालावर जकात बसवली. आतल्या शहरांत कारखाने उठले. किनारा वाळला. माल लोखंडी आगबोटी नेतात. गावात जहाजं बांधणं बंद. पोरं हद्द ओलांडून परक्या देशाच्या गिरण्यांत गेली.

"आपलंच सरकार निवडलं आणि आपलाच किनारा वाळवला?"

"हो."

मला समजेना. आमची पोरं कोकणातून परळच्या गिरण्यांत आली, पण आम्हाला कोणी मत विचारलं नव्हतं.

काम झालं. दगड भरले. जहाज बसलं. पंप मारला तर नुसता वारा आला. कॅप्टनने माझा हात धरला तो सोडेना.

सर्व्हेअर आला. कंदील घेऊन तळात उतरला, सुरी खुपसून पाहिली. वर येऊन म्हणाला, "काम उत्तम. एक थेंब नाही."

कॅप्टन हसला.

"पण पास होणार नाही. मऊ लाकूड, ह्याची वर्षं भरली. विमा कोणी देणार नाही, माल कोणी देणार नाही. भंगारवाल्याला द्या."

कॅप्टन काहीतरी बोलला. मी पास्कूला हलवलं.

"अरे, काय म्हणतो?"

"म्हणतो, मग चुकलं कुठं?"

सर्व्हेअर म्हणाला, "कुठेच नाही," आणि शिडी उतरला.

त्या विधवेच्या हिश्श्याचं काय, हे मी विचारणार होतो. राहिलं. एवढं मात्र शिकलो. गळती थांबवणं हे आमच्या धंद्याचं काम. त्याने जहाज वाचतंच असं नाही, आणि गिऱ्हाइकाला हे आधी सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर गेलो. पाण्यावरच्या फळ्यांची गोणपाटं उन्हाने कडक झाली होती. बालदी खाली सोडली आणि भिजवायला लागलो.

पास्कू धक्क्यावरून ओरडला, "मिस्त्री, डोकं फिरलं काय? तोडायचं हाय ते!"

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "दुसरी बालदी दे."