दोन बोटं सैल

हेमलतामावशीच्या दुकानात टेप नाही. दीक्षितपुऱ्यातल्या त्या एवढ्याशा खोलीत गेली सव्वीस वर्षं ती दोरीने माप घेते. दंडाभोवती, छातीभोवती दोरी फिरवायची, आत आपली दोन बोटं सरकवायची, म्हणजे अंगाला श्वास घ्यायला जागा राहते. मग गाठ मारून दोरी नावाच्या चिठ्ठीसकट डब्यात टाकायची. आकडा ती तोंडातून काढत नाही. सराफ्यातल्या एका टेलरने भर दुकानात माझं माप "छियालीस!" असं ओरडून लिहून घेतलं होतं. तेव्हापासून मी मावशीची झाले.

मावशीच्या मानेवर आणि दोन्ही हातांवर कोड आहे, अगदी बोटांच्या टोकांपर्यंत. मे महिन्याच्या उन्हातही तिच्या बाह्या मनगटापर्यंत असतात.

सदर भागातल्या रश्मीने 'जशी आहे तशी सुंदर' नावाचा कार्यक्रम ठरवला. आम्हा सहा जाड्या बायकांनी मंचावर चालायचं, ब्लाउज मावशीने शिवायचे. तूही चाल म्हणून मीच मावशीच्या मागे लागले.

"काहून माझी फजिती करून राहिली?" ती म्हणाली. पण आठवड्याभरात तिने स्वतःसाठी बिनबाह्यांचा ब्लाउज शिवला. आयुष्यातला पहिला.

त्या संध्याकाळी मंचामागे तिला पदराची पिन काही केल्या लागेना. मी लावून दिली.

"सगळे हातच पाहतील गं."

"पाहू दे!" मी मोठ्या शूरपणाने म्हटलं.

तेवढ्यात रश्मी आली. आवाज साखरेसारखा. "मावशी, आप शाल ले लो ना. माझं काही नाही, पण लाइट में अजीब दिसतं. लोग डर जाएंगे." शाल ती घेऊनच आली होती.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. सकाळीच रश्मी मला म्हणाली होती, "दीदी, तुमचा चेहरा किती गोड आहे, पोस्टरवर तुम्हीच." चाळीस वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. तोंड उघडलं तर ते हातचं जाईल, याची मला भीती वाटली. मी खाली मान घालून निऱ्या सारख्या करत राहिले.

मावशी शाल गुंडाळून चालली. टाळ्या पडल्या. मला जरा जास्तच पडल्या.

महिनाभर मी तिच्या गल्लीत फिरकले नाही. मग पुतण्याचं, अनुपमचं लग्न ठरलं आणि जावंच लागलं. उंबऱ्यापाशी मी चपला काढत रेंगाळले. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ये रुचिरा, बस," ती नेहमीसारखं म्हणाली. "तुझी दोरी सापडून नाही राहिली. नवीन माप घेऊ."

तिने दोरीची दोन्ही टोकं लांबून धरली आणि माझ्या दंडाभोवती फिरवली. पांढरं बोट कुठेही माझ्या अंगाला लागणार नाही, इतक्या जपून. मावशी, बोटं घाल ना आत, एवढंच म्हणायचं होतं. पण ती "काहून?" म्हणून विचारेल, या भीतीने मी दुसऱ्यांदा गप्प बसले.

ब्लाउज वेळेवर मिळाला. शिलाई नेहमीसारखी सुरेख होती. घरी येऊन घातला, तर दंडाला घट्ट झाला. बरोबर दोन बोटं.