चेहऱ्याला बोट नाही

देवळाली कॅम्पच्या बाजारात माझ्या एका स्नेह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. घड्याळं पोटापुरती, जीव सगळा इंग्रजांच्या काळातल्या पदकांवर. राजे, राण्या, लाटसाहेब, सगळ्यांचे चेहरे मखमली कप्प्यांत निजवलेले. पदक हातात दिलं की लगेच दटावणार, "कडेनं धरा. चेहऱ्याला बोट नाही लावायचं." घामानं चांदी काळवंडते म्हणे. दहा वर्षांच्या ओळखीनंतरही मला दटावतात. रागच येतो.

राणीचं एक पदक त्यांना कित्येक वर्षं मिळत नव्हतं. त्याचा कप्पा रिकामाच. येवल्याकडच्या एका वस्तीवर ते असल्याचं कळलं, तेव्हा मीच त्यांना मोटरसायकलवर घेऊन गेलो.

पदक निघालं एका म्हातारीच्या देव्हाऱ्यात, देवांच्या चांदीच्या टाकांशेजारी. रोजच्या हळदकुंकवानं राणीचं नाक पार झिजलं होतं, पण कडेची अक्षरं शाबूत होती. त्यांनी ते कडेनं उचललं, भिंग लावलं. तेच होतं.

"भाऊ, तुम्ही जाणकार," म्हातारी म्हणाली. "ही कोणती देवी हाय? आमच्या सासूबाईंनाबी माहीत नव्हतं."

मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले.

"तुमच्या घरची आहे," ते म्हणाले. "सांभाळा."

म्हातारीनं करंडा पुढे केला. त्यांनी पदक जागेवर ठेवलं, कुंकवात बोट बुडवलं आणि राणीच्या चेहऱ्यावर टेकवलं.