साडेसातच्या जरा आधी

दोंडाईच्याच्या स्टेशनावर माझे वडील, नाना, मला घेऊन कितीतरी आधी पोचले होते. "गाडी आठेक वाजता शे. जरा लवकर येल बरं," असं त्यांनी फलाटावर फेऱ्या मारत मला तीनदा तरी ऐकवलं. लग्नानंतर मी नेदरलँड्सला, नितीनकडे, निघाले होते. डोळे भरत होते, आणि खरं सांगते, मनात आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या.

उट्रेख्तला डच शिकायला बसले, तर पहिल्यांदा घड्याळानेच भंबेरी उडवली. 'हाफ आख्त', म्हणजे अर्धे आठ, म्हणजे चक्क साडेसात! आपण सातावर अर्धा चढवतो, ही माणसं आठाच्या वाटेवर अर्धी पोचलेली असतात. मग वर्गातल्या बाईंनी 'एन उर ऑफ आख्त' शिकवलं. शब्दशः 'एक तास किंवा आठ', अर्थ आठच्या आसपास. शेजारच्या बाकावरचे सीरियन काका डोकं धरून बसले आणि मी मराठीतच ओरडले, "अहो, हे तर आमचं आठेक!" 'तेखन' म्हणजे व्हायच्या जरा आधी, तेही त्याच दिवशी कळलं.

धुळ्यात मी बालवाडीत शिकवायचे, म्हणून इथल्या एका पाळणाघरात अर्ज टाकला होता. तिथल्या मुख्य बाईंचा फोन आला, सगळा डचमध्ये. मी एवढंच पकडलं: उद्या, 'तेखन हाफ आख्त'.

"हाफ एट म्हणजे साडेआठच गं," नितीन म्हणाला. "उगाच पहाटे धावू नकोस."

"नाही. साडेसातच्या जरा आधी."

सकाळी सायकल दामटत गेले. बाई नुकतं कुलूप काढत होत्या. "बरोबर वेळेवर!" त्या म्हणाल्या आणि थोड्याच वेळात एक रडकं पोर माझ्या कडेवर आलं. दुपारपर्यंत नोकरी पक्की!

जेवणाच्या सुट्टीत नानांना फोन लावला आणि बोलतच सुटले. त्यांनी मध्येच विचारलं, "मंग, घर कव्हय येशी?"

"सहाच्या सुमारास," मी बोलून गेले.

बोलल्यावर लक्षात आलं, ते माहेरी, दोंडाईच्याला कधी येणार हे विचारत होते. मी जीभ चावली, पण शब्द मागे घेता येईना. मग नाना हसले.

"बरं शे. जावाईले सांग, चहा टाकी ठेव."

संध्याकाळी आमच्या जिन्यात आल्याच्या चहाचा वास सुटला होता. मी दोन-दोन पायऱ्या चढत घरी गेले.