दादाची नांदी आणि दोन इक्वलायझर

दादा गेला तो पोळ्याच्या आधी. दिवाळी झाली की आमच्या वडशात झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन सुरू होतो. दादा तरुणपणापासून ज्या मंडळात गात आला होता, त्या मंडळानं ठरवलं की या वर्षी पहिल्या प्रयोगाची नांदी त्याच्याच आवाजात लावायची. निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी नाही म्हणू शकले नाही. नांदीची एकच कॅसेट होती आणि ती माझ्या कपाटात होती. तो गेल्यापासून ती लावायचं धाडस मला झालं नव्हतं.

कॅसेट जुनी होती. तिच्यात घरघर होती आणि मध्ये एका ठिकाणी आवाज खोल गेल्यासारखा वाटायचा. ती आधी साफ करून सीडीवर घ्यावी, असं सगळ्यांचं मत पडलं. चंद्रपूरला एकानं नवा स्टुडिओ काढला होता. म्हणून एका रविवारी कॅसेट रुमालात बांधून मी पॅसेंजरनं निघाले.

स्टुडिओवाला पस्तिशीचा, बोलका माणूस. त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका जुन्या यंत्राचं चित्र होतं. काळ्या घुंड्या, पिवळट पडलेला काटा, कोपऱ्यात स्क्रू. स्क्रूभोवती थोडा गंजसुद्धा काढलेला होता. मी विचारलं, गंज कशाला?

"मॅडम, हे जुन्या इक्वलायझरचं प्लगइन आहे, म्हणजे कॉम्प्युटरातली नक्कल. लाकडी रेडिओसारखा गरम आवाज देते. अस्सल मशीन आता कोणाकडं राह्यली? हे त्याचंच रूप."

इक्वलायझर म्हणजे आवाजातला खालचा घुमार आणि वरची धार कमीजास्त करायचं साधन, एवढं मला दादामुळे माहीत होतं. स्टुडिओवाल्यानं माउसनं चित्रातली घुंडी फिरवली आणि दादाचा आवाज भरदार झाला. इतका भरदार की मला तो ओळखीचा वाटेना. दादाच्या आवाजात एक कोरडेपणा होता, उन्हात वाळलेल्या धानाच्या तणसासारखा. तो कुठं गेला हे मला सांगता येईना. मी ‘छान आहे’ म्हटलं आणि सीडी घेऊन परत आले. छान नाही असं म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि माझ्याकडे कारण नव्हतं.

कारण चाचांकडे होतं. चाचा म्हणजे वडशाचे माइकवाले. मंडळाचे भोंगे, स्टेजवर टांगायचे माइक, सगळं त्यांचंच. दादाच्या आवाजाची सगळी वर्षं त्यांच्या हाताखालून गेली होती. नागपुरातली एक रेकॉर्डिंगची खोली बंद पडली तेव्हा त्यांनी तिथून एक खरा इक्वलायझर आणला होता. लोखंडी, दोघांनी उचलावा इतका जड, आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दिवे. तो तापायला वेळ लागायचा आणि तापेपर्यंत चाचा कोणाला बोलू द्यायचे नाहीत.

सीडी ऐकून ते म्हणाले, "बाई, हे तुमच्या भावाचं गानं नाई. हे त्याच्या जाड भावाचं गानं हाय."

"चंद्रपूरवाले म्हणतात, त्यांच्या कॉम्प्युटरवरचं चित्र तुमच्या मशीनचंच रूप आहे."

"चित्राले हात लावून आवाज निघते का जी? मंग भिंतीवर जिलेबीचं चित्र काढा अन् चाटा."

ही जिलेबी मंडळातल्या कोणीतरी चंद्रपूरला पोचवली. झालं. पुढच्याच रविवारी स्टुडिओवाला लॅपटॉप घेऊन वडशाला हजर. मशीन दुकानातून हलणार नाही, असं चाचांनी आधीच कळवलं होतं.

त्या दुपारी मी चाचांच्या दुकानात भोंग्यांच्या ढिगापाशी स्टुलावर बसले होते. माझ्यासाठी चहा आणला होता आणि मला न्यायाधीश नेमलं होतं. भिंतीकडे तोंड करून ऐकायचं आणि अस्सल कोणता ते सांगायचं. मी ऐकलं. कॅसेट एकदा चाचांच्या मशीनमधून, एकदा लॅपटॉपमधून. मी म्हटलं, दुसरा बरा. तर दुसरा म्हणजे नेमका कोणता यावरून दोघांत जुंपली, कारण मध्ये एकदा चाचांकडून टेपची तार बदलायची राहून गेली होती.

"चाचा, तुमच्या मशीनमधून गुणगुण येऊन राह्यली. आत उंदरानं बाळंतपण केलं का?"

"व्होल्टेज कमी हाय म्हणून गुणगुणते. जिवंत मशीन हाय, गुणगुणनारच. तुझं काऊन गुणगुणत नाई? मेलेलं हाय म्हणून."

हा शब्द उच्चारल्यावर चाचांनी माझ्याकडे ओझरतं पाहिलं. मग पुन्हा कॅसेट मागे फिरवली.

मला वैताग आला होता तो नेमका या मागे फिरवण्याचा. प्रत्येक वेळी फीत टेपच्या तोंडातून सरकत होती, आणि कुठंतरी ती थोडी घासली जाणार हे मला दिसत होतं. मी दोनदा म्हटलं, आता पुरे. दोघांनीही मान डोलावली आणि पुन्हा लावली. ज्यावरून दोघं भांडत होते तो आवाज एका माणसाचा आहे आणि तो माणूस माझ्याशी लहानपणी एका ताटात जेवलेला आहे, हे त्या खोलीत कोणाच्या ध्यानात नव्हतं. कोणती घुंडी किती खाली आणि कोणत्या दिव्याचा गुण मोठा, एवढंच चाललं होतं. मी शाळेत मराठी शिकवते. वर्गात इतका गोंगाट मी कधी चालवून घेतला नसता.

शेवटी चिडून मी विचारलं, "चाचा, तुम्ही नांदी कॅसेटवर भरली तेव्हा टेपची तार कुठं लावली होती? माइकला की मशीनला?"

चाचा म्हणाले, "माइकले कशी लावनार? मशीनच्या मांगं. सबन आवाज तिथूनच तं बाहेर येते."

म्हणजे मशीनचा गुण कॅसेटमध्ये आधीच उतरलेला होता. चाचा त्याला पुन्हा त्याच मशीनमधून काढत होते आणि स्टुडिओवाला त्या मशीनच्या चित्रातून. एकदा कांजी केलेल्या कपड्याला दोघंही पुन्हा कांजी करत होते. म्हणूनच तो दादाचा जाड भाऊ. मी ते बोलून दाखवलं. मग स्टुडिओवाला हसला, चाचाही हसले. मला हसू आलं नाही.

"मग मॅडम, कशातूनच काढत नाही," स्टुडिओवाला म्हणाला. "टेपमधून सरळ लॅपटॉपमध्ये घेतो, जशीच्या तशी."

"चंद्रपूरला घेतली होती ना तुम्ही?"

"ती इक्वलायझर लावूनच ठेवली. साधी कॉपी पुसून टाकली. जागा नव्हती."

चाचांनी स्वतः टेपचं तोंड कापसानं पुसलं, कॅसेट लावली आणि बटण दाबलं. ऑर्गनचे सूर आले. खरोखर कोरडे, ओळखीचे. तबला आला. आता दादा टांगलेल्या माइककडे पाऊल टाकणार, ते पाऊलसुद्धा ऐकू येतं, आणि मी डोळे मिटले. तेवढ्यात लाइट गेले. त्या वर्षांत लोडशेडिंग ठरल्या वेळी व्हायचं, पण त्या दिवशी वेळेआधीच झालं. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर उजळलेला राहिला. टेप मात्र फीत दातांत धरून थांबला.

कोणी हात लावू नका, असं मी म्हटलं असेन. लाइट आल्यावर टेपनं उरलेली फीत आत ओढून घेतली. चाचांनी ती चिमट्यानं सोडवली. ती लाह्यांच्या पिशवीसारखी चुरगळली होती आणि नेमकी गाण्याच्या जागी तुटली होती. त्यांनी ती सपाट करून जोडली, लावून पाहिली. दादाच्या जागी विहिरीत बादली आपटल्यासारखं काहीतरी वाजलं.

चाचा म्हणाले, "बाई, माह्या हातानं झालं."

"लाइटनं झालं," मी म्हटलं. वैताग इतका होता की कोणावर रागवायचं हे ठरवायलाही जीव राहिला नव्हता.

पहिल्या प्रयोगाला ती चंद्रपूरची सीडीच लावली, दुसरं काही उरलंच नव्हतं. चाचांनी आपलं मशीन मध्ये जोडलं नाही. धान कापून मोकळ्या झालेल्या शेतात मांडव घातला होता आणि मी वहिनीबरोबर पुढं बसले होते. भोंग्यांतून दादाचा तो भरदार आवाज निघाला. मागं कोणीतरी म्हणालं, काय गळा होता! वहिनीनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "हा त्याइचाच आवाज हाय." तिच्यासाठी तो तसाच राहिलेला बरा.

मात्र माझं जे झालं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. त्यानंतर मी ती सीडी घरी पुष्कळदा लावली. आणि आता दादा मला अंगणातून हाक मारताना आठवतो, तेव्हा ती हाकसुद्धा भरदार येते. खाली गोल घुमार, वर मऊ धार. दादानं आयुष्यात अशी हाक मारली नाही. त्याच्या हाकेनं अंगणातल्या चिमण्या उडायच्या. मी आठवणीत तो घुमार काढायला बसते, थोडा निघाल्यासारखा वाटतो, आणि मग सगळा आवाजच निघून जातो. तेव्हा मी घाईनं पुन्हा सीडी लावते.

चाचा अजून बाजारात भेटले की विचारतात, "बाई, खरं सांगा, त्या दिवशी बरा वाटला तो दुसरा कोनता होता?"